बिनपगारी उमेद ते महिना नऊ हजार: प्रसारण कंपनीतल्या उमेदवारीचा इतिहास

हेडफोन लावलेत ना? एसटीत असाल, रेल्वेत असाल, मेसच्या रांगेत असाल, जिथं असाल तिथून ऐकत राहा. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं पडतं त्यांच्यासाठी हा एपिसोड इथं लिहून दिलाय. बोलण्याची भाषा आहे तशीच ठेवलीय, फक्त मधले 'अं' आणि चहाचे घोट काढून टाकलेत.

आज एका शब्दापासून सुरुवात करू. उमेदवार.

हा शब्द ऐकला की आपल्याला काय आठवतं? निवडणूक. ग्रामपंचायतीचे बॅनर, हात जोडलेला फोटो, खाली चिन्ह. बीड जिल्ह्यात तर विचारूच नका. पण हा अर्थ नंतरचा आहे. उमेद म्हणजे आशा, फारसीतून आलेला शब्द. उमेदवार म्हणजे आशा धरून बसलेला माणूस. एकोणिसाव्या शतकातल्या कचेऱ्यांमध्ये असे उमेदवार असायचे. मामलेदार कचेरीत कारकुनाच्या शेजारी बसायचं, नकला करायच्या, दप्तर बांधायचं, हिशोब शिकायचा. पगार? नाही. कधीतरी जागा निघेल, साहेबाची मर्जी होईल, मग पगार सुरू. तोपर्यंत उमेदवारी. कोणाची सहा महिने चालायची, कोणाची काही वर्षं.

आणि आज सरकारी कागदावर 'अप्रेंटिस'ला मराठीत काय म्हणतात माहितीये? शिकाऊ उमेदवार. माझ्या करारावर माझ्या नावापुढं हेच दोन शब्द आहेत.

मी घाटनांदूरची. तालुका अंबाजोगाई, जिल्हा बीड. बीबीएच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि सध्या मुंबईत एका प्रसारण कंपनीत, म्हणजे टीव्ही चॅनेल चालवणाऱ्या कंपनीत, डिग्रीचाच भाग म्हणून उमेदवारी करतेय. कंपनीचं नाव सांगणार नाही, त्याची गरजही नाही. कॅमेऱ्यासमोर मी नसते, कॅमेऱ्यामागंही नसते. मी 'ट्रॅफिक' नावाच्या खात्यात बसते. ते काय असतं ते पुढं सांगते. पण इथं बसल्यावर मला एक प्रश्न पडला, आणि त्याच्या मागं लागून मी हा सगळा इतिहास वाचून काढला. प्रश्न असा: रेडिओ-टीव्हीचा धंदा शिकायला आजवर कोण आत गेलं, आणि शिकता शिकता त्यांचं पोट कोणी भरलं?

चला, मागं जाऊ.

आधी कायदा बघा

आपल्या देशात उमेदवारीचा पहिला मोठा कायदा १८५० चा. ईस्ट इंडिया कंपनीचं राज्य होतं. कायदा कोणासाठी होता? अनाथ आणि गरीब मुलांसाठी. दहा ते अठरा वर्षांच्या मुलाला बापानं किंवा पालकानं एखाद्या धंदेवाल्याकडं कराराने बांधून द्यायचं. जास्तीत जास्त सात वर्षं. मुलगा एकवीस वर्षांचा झाला की करार संपला.

म्हणजे बघा, एकाच काळात दोन प्रकारचे शिकाऊ होते. एक, लोहाराकडं, छापखान्यात बांधून दिलेलं गरिबाचं पोर. त्याच्यासाठी कायदा. दुसरा, कचेरीत बसलेला लिहितावाचता उमेदवार. त्याच्यासाठी काहीच नाही. ना करार, ना मुदत, ना भाकरी. त्याला वर्षभर कोण पोसायचं? घर. ज्याच्या घरात धान्य, त्यालाच उमेद परवडायची. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढच्या पावणेदोनशे वर्षांत ते पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

सहा लाखांची कंपनी

आता रेडिओ. भारतात रेडिओ सरकारनं आणला असं आपल्याला वाटतं. तसं नाही. सुरुवात हौशी क्लबांनी केली, १९२३ साली मुंबईत रेडिओ क्लब, १९२४ साली मद्रासला. आणि मग आली एक खासगी कंपनी: इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी. २३ जुलै १९२७ ला मुंबई केंद्राचं उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झालं. महिन्याभरानंतर, २६ ऑगस्टला, कलकत्ता केंद्र.

या कंपनीचा हिशोब बिझनेसच्या पोरांनी एकदा तरी वाचावा. मंजूर भांडवल पंधरा लाख रुपये. प्रत्यक्षात शेअर विकून उभे राहिले सहा लाख. त्यातले साडेचार लाख दोन केंद्रं उभारण्यात गेले. उरले दीड लाख. आता उत्पन्न कुठून? रेडिओ सेट ठेवायचा तर वर्षाला दहा रुपयांचं लायसन्स. त्यातले आठ रुपये कंपनीला. शिवाय परदेशातून येणाऱ्या रेडिओ सामानावर दहा टक्के वाटा, जो बरेच व्यापारी चुकवायचे.

लायसन्स किती होते? कंपनी बुडेपर्यंत आठ हजारांच्या आत. आठ हजार गुणिले आठ रुपये. वर्षाचे चौसष्ट हजार, तेही सगळ्यांनी भरले तर. दोन शहरांत केंद्रं, वादक, गायक, इंजिनिअर, वीज. कसं जमणार? १ मार्च १९३० ला कंपनी दिवाळखोरीत गेली. १ एप्रिलला सरकारनं कारभार ताब्यात घेतला आणि नाव दिलं इंडियन स्टेट ब्रॉडकास्टिंग सर्व्हिस. ८ जून १९३६ ला तिचंच नाव झालं ऑल इंडिया रेडिओ.

कंपनी बुडाली ती गाण्यामुळं नाही, हिशोबामुळं. ऐकणाऱ्याकडून पैसे घ्यायचे आणि ऐकणारे मूठभर, हे गणितच बसत नव्हतं. जाहिरात विकून रेडिओ चालवायचा, हे कसब आपल्याकडं तेव्हा फारसं कोणाला येत नव्हतं, आणि शिकवणारंही कोणी नव्हतं. मुंबईत सिडनहॅम कॉलेज १९१३ पासून होतं, कॉमर्स शिकवत होतं. पण वर्गातला कॉमर्स आणि रेडिओचा गल्ला यांच्यामध्ये पूल नव्हता.

तेव्हा आमच्या गावात काय होतं?

आमचं घाटनांदूर तेव्हा ब्रिटिश मुंबईत नव्हतंच. बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. अंबाजोगाईचं सरकारी नाव मोमिनाबाद. परळी, घाटनांदूर, लातूर रोड, बीदर, विकाराबाद ही आमची रेल्वेची लाइन निजामाच्या रेल्वेची. तिचं तोंड मुंबईकडं नाही, हैदराबादकडं. अजूनही बघा, आमच्या स्टेशनावरून हैदराबादकडं थेट जाता येतं. मुंबईला यायचं तर मी आधी लातूर गाठते आणि तिथून रात्रीची गाडी. कोणत्या गावातून कोणतं शहर जवळ, हे कधीकधी शंभर वर्षांपूर्वीच्या रुळांनी ठरवलेलं असतं.

हैदराबादचा रेडिओही वेगळा. १९३३ साली महबूब अली नावाच्या गृहस्थांनी हैदराबादेत चिराग अली लेनमधून २०० वॅटचं छोटं केंद्र सुरू केलं. खासगी हौस. १९३५ च्या फेब्रुवारीत निजाम सरकारनं ते ताब्यात घेतलं. पुढं ते मोठं झालं, औरंगाबादलाही एक केंद्र निघालं. मुख्य भाषा उर्दू. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या घरात रेडिओ होता का? नव्हता. वीजच नव्हती. सेट असायचा तो एखाद्या देशमुखाच्या वाड्यात, एखाद्या अधिकाऱ्याच्या बंगल्यात.

तरी एक संध्याकाळ अशी आहे की रेडिओचं नाव मराठवाड्याच्या इतिहासात कोरलं गेलं. १७ सप्टेंबर १९४८. भारतीय सैन्य संस्थानात शिरून पाचवा दिवस. निजाम मीर उस्मान अली खान हैदराबादच्या रेडिओवर आले आणि युद्धबंदी जाहीर केली. आज आपण ज्या दिवशी झेंडा लावतो, तो मुक्तिसंग्राम दिन म्हणजे एका अर्थानं रेडिओवर जाहीर झालेला दिवस. ज्या स्वामी रामानंद तीर्थांनी त्या लढ्याचं नेतृत्व केलं ते त्याआधी आमच्याच अंबाजोगाईत योगेश्वरी शाळेत शिकवत होते.

१ एप्रिल १९५० ला हैदराबाद आणि औरंगाबाद ही केंद्रं ऑल इंडिया रेडिओत विलीन झाली. नंतर १९६८ साली परभणीला आकाशवाणी आली आणि आमच्याकडचे लोक तिला 'आपलं केंद्र' म्हणायला लागले. आमचे आबा अजून सांगतात, "परभणी लागली की बाजारभाव, मग शेतीचं, मग गाणी." ट्रान्झिस्टर आल्यावरची ही गोष्ट. रेडिओ खांद्याला लावून आबा रानात जायचे. पण आवाज गावात आला म्हणून गावातलं कोणी आवाजाच्या धंद्यात गेलं, असं झालं नाही. आपण श्रोते झालो. पत्र पाठवणारे, फर्माईश करणारे. आतल्या टेबलावर बसणारे नाही.

ओव्हलटिनचा डबा

स्वातंत्र्यानंतर रेडिओ पूर्ण सरकारी. जाहिरात नाही. १९५२ साली माहिती व नभोवाणी मंत्री झाले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, आपले मराठी माणूस. त्यांना शास्त्रीय संगीताचा अभिमान, सिनेमाच्या गाण्यांचा तिटकारा. आकाशवाणीवरून फिल्मी गाणी जवळजवळ गायब झाली. लोकांनी काय केलं? काटा फिरवला. रेडिओ सिलोन.

आणि इथं आपल्या गोष्टीतला सगळ्यात प्रसिद्ध उमेदवार येतो. अमीन सायानी. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजात शिकत होते. रेडिओ सिलोनचे हिंदी कार्यक्रम मुंबईत रेकॉर्ड व्हायचे आणि मग सिलोनला जायचे. ओव्हलटिनच्या कार्यक्रमात हा पोरगा जाहिरात वाचायला लागला. मोबदला? आठवड्याला ओव्हलटिनचा एक छोटा डबा. त्यांनी स्वतःच पुढं मुलाखतींमध्ये हसत हसत सांगितलेली गोष्ट आहे ही. मग डिसेंबर १९५२ मध्ये 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. कार्यक्रम लिहायचा, सादर करायचा, आलेली पत्रं बघायची, सगळं मिळून आठवड्याला पंचवीस रुपये. एवढ्या कमी पैशांत मुरलेल्या लोकांना ते काम नको होतं, म्हणून नवख्याला मिळालं.

गोष्ट गोड आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत ते गेले तेव्हा सगळीकडं ती पुन्हा सांगितली गेली. पण मी ट्रॅफिक खात्यातली मुलगी, मला त्यातला हिशोब दिसतो. सायानींचं घर मुंबईत होतं. वडील डॉक्टर. थोरले भाऊ हमीद सायानी आधीपासून इंग्रजी ब्रॉडकास्टिंगमध्ये. ओव्हलटिनच्या डब्यावर शिकता आलं कारण रात्री जेवायला घर होतं. त्यांची मेहनत, त्यांची प्रतिभा याबद्दल वादच नाही. पण त्याच वयाचा, तेवढाच गोड गळ्याचा पोरगा त्या वर्षी अंबाजोगाईत असता, तर त्याला डब्यावर सहा महिने काढता आले असते का? कॉटचं भाडं ओव्हलटिनमध्ये देता येत नाही.

सरकारला पुढं गणित कळलं. ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू झाली, आणि १ नोव्हेंबर १९६७ ला मुंबई, पुणे, नागपूर इथून तिच्यावर जाहिराती सुरू झाल्या. १ जानेवारी १९७६ पासून दूरदर्शनवरही. म्हणजे १९२७ च्या कंपनीला जे जमलं नाही ते चाळीस वर्षांनी जमायला लागलं. आता ऐकणारा पैसे देणार नाही, ऐकणाऱ्याचं लक्ष विकलं जाणार. आणि ते विकायला, मोजायला, बिल करायला माणसं लागणार.

लेथ मशीनसाठी कायदा, टेबलासाठी ओळख

याच काळात, १९६१ साली, आजचा अप्रेंटिस कायदा झाला. १८५० चा जुना कायदा रद्द झाला. नवीन कायदा चांगला होता. लेखी करार, नोंदणी, ठरलेली मुदत, ठरलेलं विद्यावेतन. पण कोणासाठी? फिटर, टर्नर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन. १९७३ च्या दुरुस्तीनं इंजिनिअरिंगचे पदवीधर आणि डिप्लोमावाले आत आले. १९८६ ला व्होकेशनलची पोरं. बीए, बीकॉम, बीबीए? बाहेर.

म्हणजे १९९२ च्या २ ऑक्टोबरला झी टीव्ही सुरू झाला, खासगी चॅनेलांचा जमाना आला, तेव्हा या धंद्यातल्या ऑफिसच्या कामासाठी शिकाऊ माणूस घेण्याचा कायदेशीर रस्ताच नव्हता. त्या वेळी खासगी कंपन्यांना भारतातून उपग्रहाकडं सिग्नल पाठवायची परवानगी नव्हती. टेपा विमानानं हाँगकाँगला जायच्या आणि तिथून प्रसारण व्हायचं. कोणती टेप कधी गेली, कोणती जाहिरात कोणत्या टेपेवर आहे, याचा हिशोब ठेवणारी पोरंपोरी कुठून आली? बहुतेक मुंबईतूनच. कोणाचा मामा जाहिरात एजन्सीत, कोणाची मैत्रीण स्टुडिओत. १९९५ च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टानं सांगितलं की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नाही. निकाल ऐतिहासिक. १९९९ ला अल्फा मराठी आलं, आजचं झी मराठी. आमच्या घरी केबल आली. पण लहरी सगळ्यांच्या झाल्या तरी टेबलाजवळची खुर्ची ओळखीचीच राहिली.

त्या खुर्चीला नाव मिळालं 'इंटर्न'. सहा महिने या, शिका, सर्टिफिकेट न्या. पगार नाही. ओळखलंत ना? कचेरीतला जुना उमेदवार, फक्त धोतराच्या जागी जीन्स.

ट्रॅफिक म्हणजे काय रे भाऊ

आता मी काय शिकतेय ते सांगते, म्हणजे यात शिकण्यासारखं काय आहे ते कळेल.

चॅनेल काय विकतं? मालिका नाही. सेकंद. जाहिरातीचा दर दहा सेकंदांवर असतो. नियमाप्रमाणे एका तासात जास्तीत जास्त बारा मिनिटं: दहा मिनिटं जाहिराती, दोन मिनिटं चॅनेलच्या स्वतःच्या प्रोमोसाठी. दहा मिनिटं म्हणजे सहाशे सेकंद, म्हणजे तासाला दहा-दहा सेकंदांचे साठ तुकडे. एवढाच माल.

एसटीचं उदाहरण घ्या. घाटनांदूरहून अंबाजोगाईची गाडी सुटली आणि चार सीट रिकाम्या गेल्या, तर त्या सीट उद्या विकता येतात का? नाही. गेल्या त्या गेल्या. रात्री साडेआठच्या मालिकेतले न विकलेले दहा सेकंदही तसेच. त्यामुळं सेल्सवाले माल विकतात आणि ट्रॅफिकवाले तो गाडीत बसवतात. एजन्सीकडून आरओ येते, म्हणजे रिलीज ऑर्डर. कोणत्या कार्यक्रमात, किती सेकंद, किती वेळा. आम्ही ते वेळापत्रकात लावतो. दोन साबणाच्या कंपन्या एकाच ब्रेकमध्ये शेजारी येऊ नयेत. दारात पहिली कोण, शेवटची कोण, याचेही पैसे वेगळे. रात्री प्रसारण होतं, सकाळी प्रत्यक्ष काय वाजलं त्याचा लॉग येतो. आरओ आणि लॉग ओळीनं ओळ जुळवायचा. एखादी जाहिरात सुटली असेल, मॅच लांबली, मोठी बातमी आली, तर तिची भरपाई दुसऱ्या वेळेला लावायची. त्याला मेक-गुड म्हणतात. सगळं जुळलं की टेलिकास्ट सर्टिफिकेट निघतं आणि मगच बिल जातं. गुरुवारी प्रेक्षकसंख्येचे आकडे येतात आणि पुढच्या आठवड्याचे दर त्यावर हलतात.

हे पुस्तकात नाही. माझ्या बीबीएच्या पुस्तकात 'नाशवंत माल' या मथळ्याखाली टोमॅटो होता. इथं कळलं की वेळ हा टोमॅटोपेक्षा लवकर सडतो. आणि १९२७ ची ती कंपनी मला याच टेबलावर नीट समजली. तिच्याकडं माल होता, रोज संध्याकाळी सडत होता, आणि तो विकण्याची पद्धतच बसवलेली नव्हती.

दार कधी उघडलं

बीए, बीकॉम, बीबीएसाठी कायद्याचं दार उघडलं २०१४ च्या दुरुस्तीनं. इंजिनिअरिंग सोडून इतर शाखांचे पदवीधर अप्रेंटिस होऊ शकतात, आणि कंपनी स्वतःच्या कामाप्रमाणे नवीन ट्रेड ठरवू शकते, असं तेव्हा कायद्यात आलं. मग २०१९ च्या नियमांनी किमान स्टायपेंड ठरवला. पदवीवाल्यांना महिना नऊ हजार. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांवर शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक, एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के. २०२० मध्ये यूजीसीनं मार्गदर्शक सूचना काढल्या की पदवीच्या आतच उमेदवारी बसवता येईल, किमान एक सेमिस्टर कामाच्या जागी, आणि त्याचे क्रेडिट मार्कशीटवर.

मी त्या दारातून आत आलेली. माझ्या घरात कोणाचा मामा एजन्सीत नाही. माझ्याकडं नोंदणी झालेला करार आहे.

आता गोड गोड बोलणं पुरे. नऊ हजारांत मुंबई होत नाही. माझा स्टायपेंड किमान रकमेपेक्षा थोडा जास्त आहे, तरी कॉट बेसिसचं भाडं दिलं की अर्ध्याहून जास्त संपतो. पहिले तीन महिने घरून पैसे आले. सोयाबीनचे. आईनं सांगितलं नाही, पण मला माहितीये की त्या वर्षी भाव बघत माल ठेवायचा होता आणि माझ्यासाठी लवकर विकला. म्हणजे 'ज्याच्या घरात धान्य' हे अजून पूर्ण संपलेलं नाही. फक्त पूर्वी सगळं ओझं घरावर होतं, आता त्यातला मोठा वाटा करारावर आहे. हा फरक लहान नाही. माझ्या वर्गातल्या दोन मुली पैसे नसल्यामुळं आल्याच नाहीत, म्हणून पुरेसा आहे असंही म्हणवत नाही.

आणि कायद्यात काय नाही तेही ऐका. कलम १८ म्हणतं की शिकाऊ उमेदवार हा कामगार नाही, प्रशिक्षणार्थी आहे. कामगार कायदे सरसकट लागू होत नाहीत. कलम २२ प्रमाणे, करारात लिहिलेलं नसेल तर उमेदवारी संपल्यावर नोकरी द्यायला कंपनी बांधील नाही. पण कलम १५ तुमच्या बाजूचं आहे: प्रशिक्षण सल्लागाराच्या परवानगीशिवाय उमेदवाराकडून ओव्हरटाइम करून घेता येत नाही. टीव्हीच्या धंद्यात रात्रीचे अकरा कधी वाजतात कळत नाही, म्हणून हे कलम पाठ असू द्या.

भावाचा फोन

हा सगळा इतिहास मी आत्ताच का सांगतेय? कारण मागच्या महिन्यात चुलतभावाचा फोन आला. अंबाजोगाईत बीकॉमच्या तिसऱ्या वर्षाला आहे. म्हणाला, "ताई, पुण्यातून एका मीडिया कंपनीचा मेल आलाय. सहा महिने. स्पॉन्सरशिपचं काम शिकवणारेत. पैसे नाहीत म्हणतेत पण सर्टिफिकेट हाय. काका म्हणायलेत पतसंस्थेतून काढू. जाऊ का मी?"

मी हो पण म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही. चार प्रश्न लिहून दिले आणि म्हटलं, मेलवर विचार, फोनवर नको. एक, लेखी करार आहे का, आणि तो सरकारी पोर्टलवर नोंदणार का? दोन, स्टायपेंड किती आणि कोणत्या तारखेला, बँकेत की हातात? तीन, कोणत्या खात्यात, कोणाच्या हाताखाली, काय काय शिकवणार, हे कागदावर देणार का? चार, कॉलेजला क्रेडिट मिळणार का?

दोन दिवसांनी उत्तर आलं. "आमच्याकडे असं काही नसतं. इच्छा असेल तर जॉइन व्हा."

काका म्हणाले, सुरुवातीला सगळ्यांनाच फुकट राबावं लागतं. त्यांचं चूक नाही, त्यांनी जग तसंच पाहिलंय. काकांनी स्वतः एका दुकानात दीड वर्ष बिनपगारी काढलंय. पण मी भावाला १८५० पासूनचा हा सगळा हिशोब सांगितला. कचेरीतला उमेदवार, ओव्हलटिनचा डबा, फिटर-टर्नरला मिळालेला करार. म्हटलं, वेल्डिंग शिकणाऱ्या पोराला १९६१ साली जे मिळालं ते तुला आज मागायला लाज वाटायचं कारण नाही. पतसंस्थेचं कर्ज काढून दुसऱ्याच्या कंपनीत फुकट काम करायचं, म्हणजे कंपनीला भांडवल आपण पुरवायचं. हा कुठला बिझनेस?

तो पुण्याला गेला नाही. काका आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. भावानं केंद्राच्या पोर्टलवर नाव नोंदवलं, तीन ठिकाणी अर्ज केलेत, त्यात एक लातूरचं ऑफिस आहे, जिथून शनिवारी घरी येता येईल. अजून कुठूनच उत्तर आलेलं नाही. रोज फोन बघतो. मला धाकधूक आहेच, कारण सल्ला माझा होता आणि वर्ष त्याचं जाणार आहे.

तुमच्यापैकी कोणाला असा मेल आला असेल तर ते चार प्रश्न कॉपी करून ठेवा. विचारल्यामुळं जी जागा हातातून जाईल ती बहुतेक जाण्याच्याच लायकीची असेल. आणि कोणाच्या ऑफिसात नोंदणी करून, स्टायपेंड देऊन उमेदवार घेत असतील तर आम्हाला कळवा. बीड, लातूर, परभणीच्या पोरांना सांगायला आम्ही बसलोयच.

पुढच्या एपिसोडमध्ये रेडिओ लायसन्सची गोष्ट. पोस्टात जाऊन रेडिओसाठी पैसे भरायचे आणि पुस्तकावर तिकीट चिकटवून आणायचं, हे तुमच्या आजोबांना विचारून ठेवा. कोणाच्या घरी ते पुस्तक अजून ट्रंकेत असेल तर फोटो पाठवा. चला, भेटू.